भागूचं मनगट

“आई गं!”

हर्षाली खुर्चीतून अशी उसळली की शेजारी आयब्रो करून घेणाऱ्या बाईनंही दचकून डोळे उघडले. भागूच्या हातात वॅक्सची पट्टी तशीच राहिली. पट्टीला मेण होतं, लव होती आणि दोन बोटं रुंदीचा कातडीचा पापुद्राही होता.

“मनाल, नळ सोड! बर्फ नको, साधं पाणी. नुसती धार धर.”

मनालनं हर्षालीला धरून बेसिनपाशी नेलं. हर्षालीची आई रुपाली बाकावर बसून रुखवताची यादी करत होती, ती वही टाकून धावली. लेकीच्या कोपराखालचा लालभडक ओला चट्टा पाहून तिनं तोंडावर पदर धरला.

“दाताची पेस्ट हाय का? पेस्ट लावा गं लवकर!”

“काय लावू नको. पाणीच बरं,” भागू म्हणाली.

“नऊ दिसांवर लगीन आलंय, भागू!”

“माहितीय मला.”

“तू मनगटावर बघितलं व्हतंस ना? मी इथनं बघत व्हते की.”

“बघितलं गं. कोमट व्हतं.”

“मग?”

भागूनं हीटरकडे पाहिलं. डब्यातलं मेण तळाशी बुडबुडत होतं. मघाशी लाइट जाऊन आली तेव्हा तिनं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं होतं, म्हणजे लवकर पातळ होईल, आणि मग ते मागं आणायचं राहून गेलं. पण त्यासाठीच तर मनगट असतं. “मशीन बिघडलंय,” ती म्हणाली आणि प्लग उपटला.

नारायणगावात एसटी स्टँडसमोरच्या जिन्यानं वर गेलं की ‘भाग्यश्री ब्युटी पार्लर’ लागतं. बोर्डावरची भाग्यश्री म्हणजे लोणी गावची भागू. सावळेरामनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पंचवीस वर्षांपूर्वी तो बोर्ड रंगवून आणला तेव्हा तिला वाटलं होतं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी दुकान आहे. गिऱ्हाइकांशी ती बोर्डाला शोभेल असं बोलायची. घाबरली किंवा चिडली की मात्र थेट लोणीला पोचायची. रुपाली तिची लोणीची शाळासोबती, लग्न होऊन महाळुंगे पडवळला गेलेली. भागूनं आयुष्यात सजवलेली पहिली नवरी रुपालीच. तेव्हा भागू इतकी घाबरली होती की नवरीनंच तिला पाणी पाजलं होतं. आता त्याच रुपालीच्या लेकीला सजवायचं, हे हर्षालीची सुपारी फुटायच्या आधीपासून ठरलेलं होतं.

भागूकडे आजवर चाळीसेक मुली शिकून गेल्या. प्रत्येकीला तिनं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली: दुसऱ्याच्या अंगाला लावायचं ते आधी आपल्या अंगाला लावायचं. सुरीच्या टोकावर मेणाचा थेंब घ्यायचा, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि तीन अंक मोजायचे. पंचवीस वर्षांत तिच्या हातून कुणालाही साधा चटका बसला नव्हता. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही.

दुसरा अभिमान अलीकडचा. तिच्याच हाताखाली शिकलेली जुन्नरची मनाल पुढं पुण्याला जाऊन डिप्लोमा करून आली आणि भागूची भागीदार झाली. येताना तिनं कातडीचा मोठा रंगीत तक्ता आणला. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती पाच-सहा मुलींना त्या तक्त्यावर शिकवायची. दहावीला विज्ञानात दांडी उडालेली भागू आधी लांबून ऐकायची, मग जवळ बसायला लागली, मग वही घेऊन बसायला लागली. एपिडर्मिस, डर्मिस, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, सगळं तिनं वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पाठ केलं. आणि एवढं पाठ केल्यावर गिऱ्हाइकाला सांगितल्यावाचून राहवतं का? शाळेतल्या गुरुजींच्या बायकोला फेशियल करता करता ती म्हणाली होती, “वरचं हे जे दिसतं ना आपल्याला, ते सगळं मेलेलं असतं बरं का. अठ्ठावीस दिवसांत गळून जातं, खालनं नवं येतं.” त्या बिचाऱ्या डोळ्यांवर काकडी असतानाच उठून बसल्या. “अहो, मेलेलं काय म्हणता माझ्या तोंडाला!”

त्या संध्याकाळी घरी भाकरी थापताना भागूनं बाही वर केली तर मनगटावर फोड दिसला. करवंदाएवढा, पाण्यानं टरारलेला. बरोबर त्याच जागी, जिथं तिनं मेणाचा थेंब टेकवला होता.

त्या जागी तीन वर्षांपासून एक फिकट डाग होता. आधी रुपयाएवढा होता, आता पसरून मनगटभर झालेला. शिबं असेल म्हणून तिनं मलम लावून पाहिलं होतं. मग वाटलं, रोजच्या मेणानंच तिथला रंग ओढून घेतला. पार्लरवालीच्याच हातावर डाग दिसला तर कोण बसेल खुर्चीत, म्हणून रोज सकाळी ती त्यावर थोडं फाउंडेशन लावून निघायची. आता तिनं फोडावर बोट दाबलं. बोटाला फोड लागला, फोडाला बोट लागलं नाही. तिनं बाही खाली ओढली आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनालनं तक्त्यावर नवीन भाग घेतला. कातडीला कळतं कसं, हा. डर्मिसमध्ये बारीक नसांची टोकं असतात. गरम कळणारी वेगळी, गार कळणारी वेगळी, हलका स्पर्श कळणारी अगदी वरच्या अंगाला. मग तिनं प्रत्येकीला कापसाची वात दिली. “जोड्या करा. एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं हातावर वात फिरवायची. जिथं लागेल तिथं बोट ठेवून दाखवायचं.”

पोरींना खेळच मिळाला. कुणी हसत होती, कुणाला गुदगुल्या होत होत्या. मंचरहून येणारी प्राची एकटी उरली, तेव्हा भागू वही मिटून पुढं सरसावली. “ये गं, माझ्यावर कर. माझ्याएवढं दुसऱ्या कुणाला कळणार न्हाई. पंचवीस वर्सं हातानंच तर कमावलंय.”

तिनं उजवा हात पुढं केला आणि डोळे मिटले. वात कुठंही टेकली की ती झटक्यात बोट ठेवायची. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं डावा हात पुढं केला. फोडाला पट्टी होती, पण पट्टीच्या आजूबाजूला भरपूर हात मोकळा होता.

भागू वाट पाहत राहिली. खाली रस्त्यावर नाशिककडं जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग तेही थांबलं.

“अगं, कर की सुरू!” भागू म्हणाली. “झोप लागंल मला अशानं.”

“मॅडम,” प्राचीचा आवाज अगदी बारीक झाला होता, “कधीची फिरवतीये मी.”

भागूनं डोळे उघडले. कापसाची वात तिच्या मनगटावरून कोपराकडे, कोपराकडून मनगटाकडे सरकत होती. पोरी तोंडाकडे बघत होत्या. भागू मोठ्यानं हसली. “कळतंय गं मला! तुमची गंमत बघत व्हते.”

पोरींना ते पटलं. मनालला पटलं नाही. तिनं तास लवकर संपवला, मुलींना खाली पाठवलं आणि दाराला कडी घातली. मग दोन काचेचे ग्लास आणले, एकात गार पाणी आणि एकात सोसेल एवढं गरम.

“ताई, डोळे मिटा. आणि आता गंमत नको.”

तिनं दहा वेळा ग्लास टेकवले. भागू दहाही वेळा अंदाजानं बोलली आणि त्यातल्या सहा वेळा चुकली. मनालनं ओल्या कापसानं मनगटावरचं फाउंडेशन पुसून काढलं. खालचा डाग पाहून ती तो हात हातात धरून बसली.

“नाव घे की,” भागू म्हणाली. “तुझ्या पुस्तकात आसंलच. आमच्या गावात रगतपिती म्हणायचे.”

“तपासल्याशिवाय कसं म्हणायचं, ताई? आणि असलं तरी आता त्यावर औषध आहे, पूर्ण बरं होतं.”

“मशीन तपासलंस?”

मनालनं मान खाली घातली. “सकाळीच तपासलं. मशीनला काही झालेलं नाही.”

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता, पण घाईत नव्हता. त्यानं पेनाच्या टोकानं हात चाचपला, कोपरामागची नस बोटानं दाबून पाहिली, भागूला करंगळी ताठ करायला सांगितली. कानाच्या पाळीतून नमुना घेतला. मग समोर बसून त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. होय, कुष्ठरोग आहे, पण सुरुवातीचा, थोड्या जागेपुरता. सहा महिने गोळ्या, अगदी फुकट. पहिला डोस इथं समोर घ्यायचा. घरच्यांनी एकदा तपासून जायचं.

“डॉक्टर, मी लोकांना हात लावते,” भागू म्हणाली. “दिवसभर. तेच माझं काम हाय.”

“लावा ना. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. फक्त गरम वस्तूंपासून तो हात सांभाळा. भाजलं तरी कळायचं नाही.”

“आणि कळायचं पुन्हा कधी सुरू हुईल?”

डॉक्टरनं डाग किती जुना ते पुन्हा विचारलं. तीन वर्षं, ती म्हणाली. त्यानं पेनाला टोपण लावलं. “आहे ते वाचेल. गेलेलं परत येईलच, असं मला सांगता येणार नाही.”

भागूला त्याचं पुढचं स्पष्टीकरण लागलं नाही, तक्ता तिला पाठ होता. वरचा थर अठ्ठावीस दिवसांत नवा येतो. नसेचं तसं नसतं. एवढ्या हौसेनं आपण शिकलो ते हेच कळायला का, असं तिला वाटून गेलं आणि त्या शिकण्याचाच राग आला. मग तिनं तिथल्या तिथं पाण्याबरोबर गोळ्या घेतल्या.

सावळेराम टोमॅटोची पिकअप खाली करून मार्केटमधून आला तेव्हा तिनं त्याला दारातच सांगून टाकलं. तो पायरीवर बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.

“दुखतं का?” त्यानं विचारलं.

“न्हाई ना. तेच तर.”

“माझ्या आईच्या चुलतीला व्हतं म्हणायचे.” तो उठला, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिचा डावा हात त्यानं हातात घेतला. “उद्या मी बी तपासून येतो. जेवायला वाढ.”

नवऱ्याचं झालं, पण सावळेराम म्हणजे काही जग नव्हे. भागूला रात्रंदिवस एकच धास्ती पडली होती: कळल्यावर लोक मला हात लावू देतील का? दुसरं तिच्याजवळ काय होतं? ना शेत, ना शिक्षण. होते ते दोन हात. आणि त्या हातांखाली डोळे मिटून निवांत पडणाऱ्या बायका, ज्या नवऱ्याला सांगत नाहीत त्या गोष्टी तिला सांगायच्या. न सांगता चाललं असतं. मनाल तेच म्हणत होती, डॉक्टरांनीही कुणाला सांगा असं म्हटलं नव्हतं. पण हर्षालीच्या हाताची कातडी पट्टीला चिकटून आलेली भागूनं पाहिली होती आणि त्याचं खापर तिनं मशीनवर फोडलं होतं. ते गिळून त्या पोरीच्या कपाळावर मुंडावळ्या बांधायच्या, हे तिच्याच्यानं होईना.

लग्नाला पाच दिवस राहिले होते तेव्हा ती जीपनं महाळुंग्याला गेली. रुपालीच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. पडवीत भावकीतल्या बायका रुखवताचे लाडू वळत होत्या. हर्षालीनं पळत येऊन हात दाखवला. खपली धरली होती, आजूबाजूला सूज नव्हती. “खपली काढू नको, आपोआप पडू दे,” असं सांगून भागूनं रुपालीला खुणेनं मागच्या अंगणात नेलं.

गोठ्याच्या भिंतीशी उभं राहून तिनं सगळं सांगितलं. मशीन बिघडलं नव्हतं. बटण तिनंच वाढवलं होतं, मनगटावर पाहिलं होतं, आणि मनगटाला कळलं नव्हतं. का कळलं नव्हतं, तेही सांगितलं. गावचाच शब्द वापरला, म्हणजे रुपालीला पुन्हा विचारावं लागू नये.

रुपालीनं भिंतीला हात टेकला. “हर्षूला व्हईल का?”

“न्हाई. डॉक्टरला तेच पहिलं विचारलं मी. न्हाई होत असं.”

“नक्की ना गं?”

“नक्की. माझी गोळी बी सुरू झालीय.”

रुपालीनं श्वास सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भागूसाठीच होतं, यात भागूला कधीच शंका आली नाही. “कसं गं झालं तुला असं? कुणाचं वाईट केलंस तू?”

“असू दे.”

“अजून कुणाला बोललीस?”

“घरात. आणि मनालला माहिती. बाहेर तुलाच पहिलं.”

रुपालीनं मागं वळून पडवीकडे पाहिलं. लाडू वळणाऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. ती जवळ सरकली, पण आवाज खाली आणण्यापुरतीच. “मग आता कुणाला बोलू नको. लगीन होऊ दे. पोरीची सासू लई बारकाईनं बघती, आधीच त्या चट्ट्याचं दहांदा इचारलंय तिनं. तिला जर कळलं, कुणाच्या हातानं...” ती थांबली. “मी न्हाई गं तसं मानत. पण लोकांचं...”

“मी न्हाई बोलत. लगीन लागंपर्यंत एक शब्द काढणार न्हाई.”

“आणि त्या दिवशी...”

तिला ते वाक्य पुरं करता येईना. भागूनंच पुरं केलं. “मी येत न्हाई. मनाल करंल. तिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय.”

रुपाली रडायलाच लागली. तिला रडताना पाहून भागूला लोणीच्या शाळेतली दोन वेण्यांची रुपाली आठवली, आणि तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिनं हात उचलला नाही.

निघताना रुपाली म्हणाली, “थांब, कुंकू लावते,” आणि घरात गेली. लग्नघरातून सवाष्ण बाई कुंकवाशिवाय कशी जाणार? ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली, भागूसमोर उभी राहिली. भागूनं सवयीनं कपाळ पुढं केलं. रुपालीचं बोट करंड्यापर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं करंडाच पुढं धरला.

“तूच लावून घे गं. माझे हात लाडवाचे हायेत.”

तिचे हात स्वच्छ होते. भागूनं उजव्या हाताच्या बोटानं स्वतःला हळद लावली, कुंकू लावलं. “येते,” म्हणाली आणि जीप मिळेपर्यंत फाट्यावर उन्हात उभी राहिली.

पुढचे पाच दिवस पार्लरमध्ये विचित्रच गेले. न सांगता कुणाला हात लावायचा नाही, हे भागूनं मनाशी ठरवलं होतं, आणि लग्न लागेपर्यंत सांगायचं नाही, हा रुपालीला दिलेला शब्द होता. मग उरलं काय? ऐन लग्नसराईत ती आलेल्या बायकांना परत पाठवत राहिली. आज हात दुखतोय, आज मनालकडं बसा, आज नको. मनाल एकटी किती ओढणार? “ताई, कुणाला काही होणार नाहीये, तुम्हाला माहितीये,” ती कळवळून म्हणायची.

“त्यांना माहिती न्हाई ना,” भागू म्हणायची आणि टॉवेलांच्या घड्या घालत बसायची. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची.

लग्नाच्या दिवशी मनाल पहाटेच पेटी घेऊन कार्यालयात गेली. दुपारचा मुहूर्त होता. अकराच्या सुमाराला तिचा व्हिडिओ कॉल आला.

“ताई, खपली पडलीये, खाली गुलाबी कातडी आलीये. रुपालीकाकी म्हणतायत, फाउंडेशननं झाकून टाक. झाकू का?”

“दाखव.” भागूनं फोन डोळ्यांजवळ नेला. “बाजूला सरक, उजेड येऊ दे. न्हाई, झाकू नको. आठ दिसांची कातडी हाय ती, अजून रंग पण धरला न्हाई तिनं. काय बी लावशील तर आग हुईल, पोरगी मांडवात रडंल. तसंच ठेव. चुडा जरा वर सरकव आणि शेल्याचं टोक त्या हातावर घे.”

मनालनं तसं केलं. चट्टा दिसेनासा झाला. मग फोन हर्षालीच्या हातात गेला. हिरवा चुडा, नथ, मुंडावळ्या. मनालनं काम चोख केलं होतं. डाव्या भुवईचं टोक भागूनं अर्ध्या केसानं खाली घेतलं असतं, इतकंच.

“मावशी, तुम्ही का नाही आलात?” हर्षालीचा ओठ पुढं आला होता. “लहानपणापासून म्हणत होतात, तुला मीच नटवणार म्हणून.”

तिच्या मागं रुपाली पैठणी नेसून उभी होती. फोनकडे पाहत होती, पाहता पाहता तिनं तोंड फिरवलं.

“अगं सीझन हाय ना बाळा,” भागू म्हणाली. “इथं पाय ठेवायला जागा न्हाई. गर्दी लई हाय. तू दिसतीयस मात्र झकास. रडू नको, काजळ उतरंल.”

तिनं फोन ठेवला. पार्लरमधल्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. आरशात तिची तीच दिसत होती, म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि घड्याळाकडे बघत राहिली. मुहूर्ताची वेळ आली. तिनं हात जोडले. मुहूर्त उलटून पंधरा मिनिटं झाली, मग ती बेसिनपाशी गेली आणि मनगटावरचं फाउंडेशन साबणानं धुऊन टाकलं.

दोनच्या सुमाराला जिना वाजला. वारूळवाडीची एक बाई होती, आठवड्यात दोनदा परत गेलेली. “भाग्यश्रीताई, आज तरी बसू का? उद्या पावणं येणार हायेत, आन् या भुवया बघा माझ्या.”

“बसा.”

बाई सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत बसली, मान मागं टेकली आणि डोळे मिटले. भागूनं रिळाचा दोरा तोडून बोटांना गुंडाळला. समोर तो चेहरा होता, निवांत, तिच्यावर सोपवून दिलेला. चार बोटांच्या अंतरावर. दोरा तसाच हातात ठेवून ती उभी राहिली.

“ताई, जरा डोळे उघडा. आधी माझं ऐका, मग ठरवा.”

तिनं डावी बाही कोपरापर्यंत वर केली आणि सांगितलं. काय आहे ते, गोळ्या चालू आहेत ते, डॉक्टर काय म्हणाले ते. आवाज एकदाही हलला नाही. बाईनं सगळं ऐकून घेतलं. डागाकडे पाहिलं, भागूच्या तोंडाकडे पाहिलं.

“बरं व्हईल ना?”

“व्हईल. सहा महिने लागतील.”

“बरं बरं. देव करो.” बाईनं मांडीवरची पिशवी जवळ घेतली. ती आणखी थोडा वेळ तशीच बसली, जणू लगेच उठणं बरं दिसणार नाही म्हणून. मग म्हणाली, “जीप भरत आली आसंल खाली. चुकली तर पुन्हा तासभर बसावं लागतं. मी येते ना, पुन्हा सवडीनं येते.”

“या,” भागू म्हणाली. तिनं पुढं होऊन दार उघडून धरलं, आणि बाईला जायला जागा राहावी म्हणून स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

चपला जिन्यावरून वाजत खाली गेल्या. भागू परत आली. बोटांचा दोरा सोडवून तिनं टोपलीत टाकला. मग खुर्ची सरळ करायला तिनं दोन्ही हात गादीवर ठेवले.

गादी अजून कोमट होती. उजव्या हाताला ते कळत होतं. ती तो हात तसाच ठेवून, गादी गार होईपर्यंत उभी राहिली.